जिना भिंतीबाहेर आला तेव्हा

डाळिंबाचा बहार धरला की शेतकरी फुलाचा रंग पाहत नाही, त्याचं बूड पाहतो. बुडाशी निमुळतं, घंटेच्या आकाराचं फूल ते नर. ते गळून जाणार. बुडाशी फुगीर, गळ्याशी किंचित आवळलेली आणि तोंडाशी पुन्हा फाकलेली ती मादी कळी. फळ धरेल ते तिलाच. सोलापूर जिल्ह्यात जेऊरपासून सांगोल्यापर्यंत कुठल्याही बागाईतदाराला विचारा, तो कळी हातात न घेता सांगेल. याच जेऊरमध्ये एखाद्या नव्या दुमजली घराच्या जिन्यावर सिमेंटचे ठेंगणे खांब ओळीनं उभे दिसतात. बैठक चौकोनी, त्यावर सुटलेलं पोट, मग आवळलेला गळा आणि माथ्यावर पुन्हा चौकोन. बागेतली कळी आणि जिन्यावरचा खांब यांची ठेवण एकच आहे, आणि हा योगायोग नव्हे.

वास्तुकलेच्या पुस्तकांत या खांबाचं नाव बॅलस्टर. इंग्रजीत ते फ्रेंचमधून आलं, फ्रेंचमध्ये इटालियनमधून, आणि इटालियन शब्दाच्या मुळाशी आहे ग्रीक ‘बालाऊस्तिओन’, म्हणजे रानडाळिंबाचं फूल. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटालियन कारागिरांना दगडात कोरलेला हा आकार पाहून डाळिंबाची अर्धवट उमललेली कळी आठवली. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून ज्या सोलापुरात आहे आणि २०१६ मध्ये ज्याच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जिल्ह्यातले गवंडी आज फायबरच्या साच्यात तीच कळी ओततात. इटलीतून ती इथवर आली कशी, हा या कुळकथेचा विषय. ती दोन वेगवेगळ्या वाटांनी आली आणि दोन्ही खेपांना तिचं काम निराळं होतं.

आकार मात्र इटलीहून कितीतरी जुना. इराकमधल्या निमरुद इथे सापडलेल्या हस्तिदंती पट्ट्यांवर खिडकीतून बाहेर डोकावणाऱ्या स्त्रीचं चित्र पुन्हा पुन्हा येतं. या पट्ट्या इसवी सनापूर्वीच्या नवव्या-आठव्या शतकातल्या. त्या स्त्रीच्या हनुवटीखाली बुटक्या खांबांचा कठडा आहे आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर पानांची झालर. जेरुसलेमजवळच्या रामत राहेल इथल्या उत्खननात असाच खिडकीचा कठडा खऱ्याखुऱ्या दगडात मिळाला. पुढे ग्रीक आणि रोमन लोकांनी स्तंभ एवढे मन लावून घडवले, पण कठड्यासाठी असा फुगीर खांब त्यांनी वापरला नाही. त्यांना जाळी किंवा सरळ दगडी फळी पुरे होती. म्हणून पुनरुज्जीवनाच्या काळात इटालियन वास्तुकार प्राचीन रोमचे अवशेष मोजू लागले तेव्हा स्तंभांचे नियम त्यांना आयते मिळाले. बॅलस्टरचे नियम मिळाले नाहीत. ते त्यांनाच बसवावे लागले.

ते बसवणाऱ्यांत पहिलं ठळक नाव जुलियानो दा सांगाल्लो याचं. फ्लॉरेन्सजवळ पोज्जो आ कायानो इथे मेदिची घराण्यासाठी त्यानं बांधलेल्या वाड्याच्या गच्चीला आणि जिन्याला १४८० च्या सुमारास असा कठडा आला. कलेतिहासकार रुडॉल्फ विटकोवर यांनी या काळातल्या बॅलस्टरांची दोन घराणी सांगितली. एकात दोन कळ्या एकमेकींवर उलट्या ठेवलेल्या असतात आणि मधोमध एक कडं असतं. तो खाली-वर कसाही धरला तरी सारखा दिसतो. हा सांगाल्लो आणि वास्तुकार ब्रामांते यांचा. दुसऱ्यात एकच कळी, खाली पोट आणि वर लांब गळा; तो मायकेलअँजेलोनं १५४६ च्या सुमारास रोमच्या कॅपिटोलाईन टेकडीवरच्या पायऱ्यांसाठी वापरला. जेऊरमध्ये सिमेंटचा जो खांब दिसतो तो बहुधा या दुसऱ्या घराण्यातला.

पोट किती सुटावं आणि दोन खांबांत जागा किती असावी यावर पुढची दोनशे वर्षं युरोपात लिखाण झालं. इंग्रज वास्तुकार विल्यम चेंबर्स यांनी १७५९ च्या आपल्या ग्रंथात हिशेब सोपा करून टाकला. खांब जिथे सर्वांत जाड आहे तिथला व्यास घ्यावा. दोन खांबांमधलं अंतर त्याच्या निम्म्याहून जास्त नसावं आणि एक तृतीयांशाहून कमी नसावं. म्हणजे सहा इंच पोटाच्या खांबांत दोन ते तीन इंचांची फट. हा नियम डोळ्यांच्या समाधानासाठी होता. कठड्याकडे पाहताना खांबाचा आकार जितका दिसतो तितकाच मधल्या रिकाम्या जागेचाही दिसतो, आणि दोन्ही आकार नीट उमटावेत, एवढीच चेंबर्सची काळजी होती.

खरी पंचाईत जिन्यावर व्हायची. गच्चीचा कठडा आडवा, त्यामुळे सगळे खांब एका उंचीचे. जिन्यात पायरी आडवी आणि हातकठडा तिरका. मग खांबाचं पोट आणि कडी आडवीच ठेवायची की उताराबरोबर तिरकी कापायची? बहुतेकांनी कडी आडवी ठेवली आणि उताराचा फरक खालच्या-वरच्या चौकोनी ठोकळ्यांत जिरवला. स्पॅनिश धर्मगुरू आणि गणिती हुआन कारामुएल याला ते पटेना. १६७८ साली त्यानं तिरक्या वास्तुकलेवर आख्खा ग्रंथ लिहिला आणि जिन्यावरचा बॅलस्टर भूमितीनंच तिरपा झाला पाहिजे, पोटासकट आणि कड्यांसकट, असं ठासून मांडलं. असे कलते खांब युरोपात काही ठिकाणी दगडात उतरलेही. पण लेथवर फिरवून असा खांब करता येत नाही, तो हातानंच कोरावा लागतो. लेथवर काम करणाऱ्यांनी कारामुएलच्या भूमितीपेक्षा आपल्या हत्याराचं ऐकलं.

आपल्याकडे कठडा होता, आणि तोही दोन हजार वर्षांचा. स्तूपाभोवतीच्या वेदिकेत उभे स्तंभ, त्यांच्या खाचांत अडकवलेल्या आडव्या सूची आणि माथ्यावर उष्णीष अशी रचना असे. भारहूतची इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली वेदिका अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये सापडली आणि आता ती कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. सांचीची अजून जागेवर आहे. महाराष्ट्रात ही वेदिका लेण्यांच्या दर्शनी भागावर नक्षी होऊन बसली: भाजे, बेडसे, कार्ले इथे दर्शनी भिंतीवर वेदिकेचे पट्टे आहेत, कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्याच्या अंगणाचं कुंपणच वेदिकेच्या रूपात कोरलेलं आहे. या वेदिकेचं सगळं व्याकरण सुताराचं आहे. खाच, कुसू, आडवी पट्टी ही लाकूडजोडणी जशीच्या तशी दगडात आली. तिच्या स्तंभाला पोट नाही, गळा नाही. आणि घराच्या जिन्यावर ती आली नाही.

जिन्यावर कठडा येण्यासाठी आधी जिना दिसायला हवा, आणि इथला जिना दिसत नसे. जेऊरच्या पट्ट्यात घरं माळवदाची. जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. वर जायचं ते धान्य, सरपण वाळत घालायला किंवा उन्हाळ्यात झोपायला. त्यासाठी शिडी पुरे, नाहीतर अंगणातल्या भिंतीलगत दगडी पायऱ्या. हाताला धरायला भिंत होतीच. सार्वजनिक बांधकामातही तोच प्रकार. जेऊरहून उत्तरेला अकरा मैलांवर करमाळा; तिथे सरदार रावरंभा निंबाळकरांच्या काळातलं कमलाभवानीचं मंदिर आहे. शहाण्णव हा आकडा तिथे खांबांपासून बारवेच्या पायऱ्यांपर्यंत सगळीकडे सांगितला जातो. बारवेत उतरणारी ही पायऱ्यांची रांग प्रशस्त आहे, पण तिच्या कडेला कठडा नाही. दगडी पायरी पुरेशी रुंद केली की माणूस मधून चालतो, एवढाच त्यामागचा विचार.

वाड्यांत तर जिना मुद्दाम लपवलेला असे. भिंतीची रुंदी दोन-तीन हातांची; तिच्या पोटातच अरुंद, उभ्या चढणीचा जिना काढायचा. एका वेळी एकच माणूस वर चढू शकेल, तोही वाकून. वरच्या टोकाला आडवं दार टाकलं की माडी बंद. आधाराला वरून सोडलेला दोर किंवा साखळी. हल्ला झाला तर असा जिना दोन माणसं राखू शकत आणि पाहुण्यांच्या नजरेला घरातला वावर पडत नसे. अशा जिन्याला दोन्ही बाजूंनी भिंत. कठडा लावायचा कुठे? कठडा होता तो वरच्या मजल्यावर, चौकाभोवती फिरणाऱ्या सज्ज्याला.

आणि याच वाड्यांत कळी पहिल्यांदा पोचली, पण कठड्यावर नाही. ती पोचली छत तोलायला.

तिची वाट गोव्यातून जाते. १५७९ मध्ये जेझुइट धर्मगुरूंचं पहिलं शिष्टमंडळ गोव्याहून निघालं आणि १५८० च्या सुरुवातीला फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात पोचलं. त्यांनी बरोबर नेलेल्या भेटींत अँटवर्पला प्लँटिननं छापलेलं अनेकभाषी बायबल होतं, चित्रं होती. त्यानंतर युरोपीय कोरीव छापचित्रांचा ओघ मुघल चित्रशाळेत सुरूच राहिला. त्यात जर्मन चित्रकार ड्यूरर याचीही चित्रं होती. या चित्रांच्या पार्श्वभूमीला पोटाचे आणि गळ्याचे नक्षीदार खांब असत. मुघल वास्तुकलेच्या अभ्यासक एब्बा कॉख यांनी १९८२ च्या एका निबंधात दाखवलं की शहाजहानच्या काळातला बॅलस्टरच्या घाटाचा स्तंभ या चित्रांतून आला. दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-आममध्ये बादशहा बसायचा तो झरोका अशाच संगमरवरी स्तंभांवर उभा आहे. सुरुवातीला हा घाट बादशहाच्या बैठकीपुरता राखीव होता. इटलीत हातभर उंचीचा असलेला खांब इथे पुरुषभर उंचीचा झाला आणि बुडाशी, माथ्याशी त्याला पानं फुटली.

दरबारी फारसीत त्याला सरूच्या झाडाची उपमा मिळाली. सरू म्हणजे मराठीतला सुरू. मुघल दरबाराचा घाट पुढे राजपूत हवेल्यांत गेला, सुभ्यांच्या ठिकाणी गेला आणि अठराव्या शतकात पुण्याच्या वाड्यांत सागवानात उतरला. नाना फडणवीसांचा १७८० चा नाना वाडा, दुसऱ्या बाजीरावानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला विश्रामबाग वाडा, इथे हे सुरूचे खांब आजही पाहता येतात. बुडाशी फुगीर, वर निमुळते होत गेलेले, आणि दोन खांबांमधल्या महिरपींवर लोंबणारी केळफुलं. सुताराला डाळिंबाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्यापुढे सुरू होता आणि त्यानं सुरूच घडवला.

हा घाट कातीव कामाला सोयीचा होता हेही तितकंच खरं. कातारी हा लाकूड कातणारा कारागीर गावोगाव होता. कमानीची दोरी लाकडाभोवती गुंडाळायची, कमान पुढे-मागे ओढली की लाकूड फिरतं, आणि फिरत्या लाकडावर पटाशी टेकवली की गोल आकार निघतो. पाळण्याच्या दांड्या, पलंगाचे पाय, सोंगट्या, लाटणी अशी सगळी कामं त्याच्याकडे. फिरतं लाकूड आणि टेकवलेली पटाशी यांतून सहज जे निघतं ते कडं, खाच आणि पोट. म्हणून सावंतवाडीचा पाळणा आणि फ्लॉरेन्सचा कठडा यांत कुणी कुणाची नक्कल न करताही साम्य दिसतं. सज्ज्याच्या कठड्याला कातीव गज लावायचे तर नवं काही शिकावं लागत नव्हतं. जिना बाहेर आला असता तर कातारी तयारच होता.

जिना बाहेर काढला रेल्वेनं.

रेल्वे म्हणजे फक्त रूळ नव्हेत. कचेऱ्या, गोदी, गिरण्या, हॉटेलं, वखारी, दवाखाने यांचा सगळा पसारा तिच्याबरोबर आला, आणि या इमारतींत रोज शेकडो अनोळखी माणसं एकाच वेळी चढत-उतरत होती. भिंतीच्या पोटातला एकेरी जिना तिथे निरुपयोगी. जिना रुंद झाला, उजेडात आला, दालनाच्या मधोमध उभा राहिला. त्याची एक बाजू किंवा दोन्ही बाजू उघड्या पडल्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेली. १८५९ मध्ये डिकसळपासून बार्शी रोडपर्यंतचा टप्पा, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंतचा, सुरू झाला आणि जेऊर या मार्गावर आलं. १८६० मध्ये गाडी सोलापूरला पोचली. या कंपनीनं आपल्या मुख्यालयासाठी मुंबईत जी इमारत उभारली, तिथे महाराष्ट्रातल्या जिन्याच्या कठड्याचा सर्वांत देखणा अध्याय लिहिला गेला.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये काम सुरू झालेली आणि १८८८ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिच्या मधल्या घुमटाखाली मोठा जिना आहे. या भव्य जिन्यांचे कठडे, तिकीटघरांच्या जाळ्या, लोखंडी आणि पितळी रेलिंग, लाकडी कोरीवकाम अशी कितीतरी कामं सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केली. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या शाळेत १८६५ नंतर तीन कार्यशाळा निघाल्या: चित्रसजावटीची जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाती, शिल्पाची लॉकवुड किपलिंग यांच्या हाती, आणि तिसरी घडीव लोखंडाची. ऐरणीवर लोखंड वाकवून वेल, पानं, गुंडाळ्या घडवणं हा इथे अभ्यासक्रम होता. म्हणजे जिन्याचा कठडा हा कुणीतरी आधी कागदावर रेखाटायचा, शिकवणी घेऊन शिकायचा, परीक्षा द्यायचा विषय झाला. तोवर तो सुताराच्या आणि लोहाराच्या हातातला अंदाज होता.

घडीव लोखंडाबरोबर बिडाचं युग आलं. बिडाला लेथ लागत नाही. लाकडाचा एक नमुना करायचा, तो वाळूच्या पेटीत दाबून दोन अर्धे ठसे घ्यायचे, ठसे जुळवून आत वितळलेलं बीड ओतायचं. एकदा नमुना चांगला जमला की तसेच पाचशे खांब काढता येतात. यामुळे दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे खांब गोलच असला पाहिजे हे बंधन संपलं. वाळूच्या ठशातून चपटी, जाळीदार, पानाफुलांची तबकडी सहज निघते आणि बारीक असूनही मजबूत राहते. दुसरं, कठडा कॅटलॉगमधून मागवता येऊ लागला. ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफर्लेन यांच्या सॅरसन फाउंड्रीची कॅटलॉगं जगभर जात. रेलिंग, खांब, कमानी, दिव्याचे खांब, प्रत्येकाला क्रमांक. म्हैसूरच्या राजवाड्यातले ओतीव खांब याच कारखान्याचे. मुंबईत काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल १८६७ ते १८६९ या काळात उभं राहिलं ते इंग्लंडमध्ये तयार केलेला बिडाचा सगळा सांगाडा जहाजानं आणून. 

मुंबईच्या श्रीमंतांच्या घरांत आणि पुढे गिरगावच्या चाळींत हे कठडे पसरले. चाळीत जिना सगळ्यांचा, गॅलरी सगळ्यांची. लाकडी चाळीत कधी कातीव गज, कधी फळीतूनच करवतीनं कापलेले चपटे गज. थोडी ऐपत असेल तर बिडाची जाळी. फळीचे गज हा स्वस्तातला उपाय होता. समोरून पाहिलं तर बॅलस्टरची सावली दिसते, बाजूनं पाहिलं तर नुसती फळी. रेल्वेच्या वाटेवरच्या शहरांतही ही आवड पोचली. सोलापुरात अप्पासाहेब वारद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंद्रभुवन उभारलं. आज ती महापालिकेची इमारत आहे. महिरपी, सज्जे, नक्षी यांनी भरलेला तिचा दर्शनी भाग पाहिला की मुंबई सोलापूरला किती जवळ आली होती ते कळतं.

खेड्यात मात्र रेल्वेचा पहिला प्रसाद कठड्याच्या रूपानं मिळाला नाही, तो रुळाच्या तुकड्यांच्या रूपानं मिळाला. बाद झालेले रूळ कापून स्टेशनच्या कुंपणाला लावले गेले, पुलांच्या कडेला उभे राहिले, घरांच्या छतात तुळया म्हणून बसले. माळवद जाऊन सिमेंटचा स्लॅब आला तेव्हाच जेऊरसारख्या गावात जिना खऱ्या अर्थानं घराबाहेर पडला. स्लॅबवर पुढे मजला चढवायचा असतो, म्हणून जिना आधीच काढून ठेवायचा, बहुतेकदा दर्शनी बाजूला. उजनी धरणाचं पाणी आल्यावर ऊस आणि केळी वाढली, हातात पैसा आला, दुसरा मजला चढला आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या जिन्याला कठडा हवा झाला.

इथे डाळिंबाची कळी परतली, या खेपेला सिमेंटच्या अंगानं. फायबरचा किंवा लोखंडी दोन फाळक्यांचा साचा आतून तेलानं पुसायचा, मधोमध बारीक सळई उभी करायची, बारीक खडीचं पातळसर मिश्रण ओतून साचा ठोकायचा, दुसऱ्या दिवशी उघडायचा आणि पुढे आठवडाभर पाणी मारायचं. बिडाला बारीक जाळी जमत होती, सिमेंटला ती जमत नाही. त्याला जाड पोटच हवं. म्हणून लोखंडाच्या शतकात सडपातळ झालेला खांब सिमेंटमध्ये पुन्हा मायकेलअँजेलोच्या वळणावर गेला. त्याची कच्ची बाजू गळ्याशी असते. तिथे सिमेंटचं आवरण सर्वांत कमी. सळई थोडी बाजूला सरकलेली असली की दमट हवा तिच्यापर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि गळा उभा चिरतो. चांगला कारागीर साचा भरताना सळई दोन्ही टोकांना बांधून मध्यावर धरतो. घाईचा कारागीर ती ओल्या मालात नंतर खुपसतो.

वेल्डिंगनं पुन्हा सगळं सरळ केलं. चौकोनी सळया, पट्टी, मध्ये बाजारातून आणलेली ओतीव फुलं. काटकोनात कापायचं आणि जोडायचं. मग स्टेनलेस स्टीलचे पाइप आले. दुकानात गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘दोनशेदोन की तीनशेचार?’ तीनशेचारमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. दोनशेदोनमध्ये महागड्या निकेलचा बराचसा भाग मँगनीजनं भरून काढलेला असतो. तो स्वस्त पडतो, पण उघड्यावरच्या जिन्यावर त्याच्यावर तांबूस डाग लवकर उमटतात. पाइपचा कठडा बसवायला सोपा जावा म्हणून पुष्कळ ठिकाणी उभे गज कमी करून आडवे पाइप टाकतात. दिसायला तो नवा दिसतो आणि घरातल्या तीन वर्षांच्या मुलाला ती आयती शिडी मिळते.

चेंबर्सला फटीची चिंता होती ती शोभेसाठी. आजचे नियम मुलाच्या डोक्यापासून सुरू होतात. ब्रिटनमध्ये लहान मुलं वावरतील अशा इमारतीत कठड्याच्या कुठल्याही फटीतून १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा पलीकडे जाता कामा नये. अमेरिकेत घरांसाठी हा गोळा चार इंचांचा. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या जिन्याची पायरी किमान २५० मिलिमीटर रुंद आणि जास्तीत जास्त १९० मिलिमीटर उंच असावी असं म्हटलं आहे, आणि पायरीच्या मध्यापासून हातकठड्याच्या माथ्यापर्यंत उंची एक मीटर.

हे आकडे एकत्र मांडले की कठड्याचा आराखडा बराचसा आपोआप ठरतो. पायरी २५० मिलिमीटरची आणि प्रत्येक पायरीवर दोन खांब, म्हणजे एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १२५. खांब २५ मिलिमीटर जाडीचा असेल तर फट बरोबर १०० उरते. तेच १२ मिलिमीटरची सळई वापरली तर फट ११३ होते आणि गोळा पलीकडे जातो. मग पायरीवर तीन सळया घ्याव्या लागतात. फट ७१ वर येते. उंचीचंही तसंच. पायरीची उंची १७५ धरली तर एकाच पायरीवरच्या दोन खांबांच्या उंचीत ८७.५ मिलिमीटरचा फरक पडतो. लाकूड कातणारा हा फरक पोटात किंवा गळ्यात येऊ देत नाही, चौकोनी ठोकळ्यात टाकतो, म्हणजे पोटांची ओळ उताराशी समांतर चढत जाते. सिमेंटचा साचा एकाच उंचीचा असल्यामुळे गवंडी पायरीवर एकच खांब बसवतो. पोट जाड असलं तरी गळ्याशी आणि बुडाशी फट भलतीच मोठी राहते. वेल्डरचा प्रश्न सर्वांत सोपा, कारण त्याला प्रत्येक सळई वेगळी कापायचीच असते.

तिसरी सळई लागते की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा हिशेबाच्या वहीत लागतो. साध्या लोखंडाच्या ग्रिलचं काम किलोवर चालतं. अठरा पायऱ्यांच्या जिन्याला छत्तीसऐवजी चोपन्न सळया लागल्या तर वजन वाढतं आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक भरतं, त्यामुळे फॅब्रिकेटर ती तिसरी सळई आनंदानं सुचवतो. स्टेनलेसचा दर रनिंग फुटावर ठरतो. तिथे वाढलेला प्रत्येक पाइप कारागिराच्या खिशातून जातो, आणि माप घ्यायला आलेला माणूस फटीचा विषय आपण होऊन काढत नाही. दर फुटावर ठरवण्याआधी पायरीवर किती गज हे कागदावर लिहून घेणारं गिऱ्हाईक तीन गज मिळवतं. बाकीच्यांच्या जिन्यावर दोन बसतात.